काहूनवाला कावळा

माझ्या शर्टाच्या खिशावर पत्र्याचा एक बिल्ला असायचा. त्यावर काखेत छत्री मारलेला कावळा आणि खाली एकच शब्द: काहून? आमच्या वऱ्हाडीत 'का' असं विचारतात ते. मी बी. ए. झालेला, अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवणारा, तेल लावून नीट भांग पाडणारा माणूस. लोक आधी बिल्ल्याकडे पाहायचे, मग माझ्याकडे. पाहू दे. मी तो कुणाला विचारून लावला नव्हता.

कावळा मुलांच्या एका मासिकातला. मासिक मुंबईहून निघायचं आणि शेवटच्या पानावर त्याची चित्रमालिका असायची. अमरावतीला कॉलेजात असताना वाचनालयात ती पहिल्यांदा माझ्या हाती लागली. त्या जंगलातले सगळे प्राणी पुस्तकातलं मराठी बोलायचे. हरिण म्हणायचं, "अहो, आपण कोठे निघालात?" आणि कावळा म्हणायचा, "मले कायले इचारता?" त्याला तिथं हसण्यासाठीच ठेवलं होतं, एवढं मला कळत होतं. रंग काळा, छत्री फाटकी, बोली आमची. पण एका अंकात सिंहानं हुकूम काढला की नदीचं वरच्या अंगाचं पाणी हरणांनी प्यायचं, खालचं बाकीच्यांनी. सगळे माना डोलवतात. कावळा एकटा विचारतो, "काहून?" शेवटच्या चौकटीपर्यंत त्याला कुणी उत्तर देत नाही. चित्रकाराच्या मनात काय होतं, मला ठाऊक नाही. मला जे कळायचं ते कळलं.

सुट्टीत तो अंक भातकुलीकडच्या आमच्या गावी नेला आणि मायला वाचून दाखवला. ती भाकरी थापता थापता थांबली. "अवो बाई, हा तं आपल्या इकळचा हाय!" छापलेल्या कागदात आपलं बोलणं असू शकतं, हे तिला तोवर माहीत नव्हतं. मलाही कुठं होतं? बाप बाजेवरून म्हणाला, "बुद्धाची दीक्षा घेतली, कावळ्याले घास ठेवनं सोडलं. आन् या कालेजवाल्यानं कावळाच घरात आनला."

पुढं कावळा मुलांमध्ये चांगलाच चालला आणि त्याच्या वस्तू बाजारात यायला लागल्या. बिल्ला, शिट्टी, पुठ्ठ्याचा मुखवटा, पतंग, कागदाच्या लगद्याचा, मान हलवणारा कावळा. तोवर मी अकोल्यात नोकरीला लागलो होतो. दिसेल ती वस्तू घ्यायचो. एकदा तर मुखवट्यासाठी परतवाड्याच्या बाजारापर्यंत गेलो. माय वांगी पारखते तशी पारखायचो: दाबून, वास घेऊन, उलटी करून. खोलीतल्या फळीवर मी त्या ओळीनं मांडल्या होत्या. शाळेतले गणिताचे मास्तर एकदा खोलीवर आले आणि दारातच थबकले.

"कावो, लगनाच्या आदीच लेकराइची खेळनी जमा करून रायले का?"

"तुमी नाइ का तिकिटं जमवत?" मी म्हटलं. "तिकिटावर रानीचं तोंड असलं का शौक, आन् कावळ्याचं असलं का पोरखेळ?"

ते हसले. जाताना हळूच विचारलं, "शिट्टी बरी हाय का? पोट्टा मांगून रायला."

तिथूनच मला सुचलं. शाळेचं भित्तिपत्रक माझ्याकडे होतं. त्याच्या एका कोपऱ्यात मी 'खेळण्यांची परीक्षा' सुरू केली. शिट्टी: वाजते बरी, पण चोचीची कड कापते, धाकट्या भावंडाला देऊ नये. मुखवटा: डोळ्यांची भोकं मोठ्या माणसाच्या मापाची आहेत, ज्यानं पाडली त्यानं लेकराचं तोंड पाहिलेलं नाही. खोटी स्तुती नाही, उगाच नावं ठेवणं नाही. मधल्या सुट्टीत त्या कोपऱ्यापुढे पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढायची. दिवसभर मला हसणारे मास्तरही काही घेण्याआधी तिथं डोकावून जायचे.

मग पोरं निबंधात 'काहून' लिहायला लागली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. हे गृहस्थ आमच्याच वऱ्हाडातले, पण बोलायचे असं की जणू तोंडात पाठ्यपुस्तक धरलंय.

"आपण सुशिक्षित आहात. हा बिल्ला आणि ते परीक्षण, दोन्ही बंद करा. यंदा आपल्याला कायम करावे किंवा नाही, याचा शेरा मलाच लिहायचा आहे."

आमच्या घरात कायमची नोकरी कुणी पाहिलेली नव्हती. रोजमजुरी रोज संपायची. त्यांच्या त्या एका शेऱ्यात काय होतं, हे मला चांगलं समजत होतं.

"निबंधात मी तो शब्द खोडतो, सर," मी म्हणालो. "पोरांचे मार्क जाऊ देत नाही. पण बोलण्यातला मी खोडणार नाही."

"आपल्या घरची भाषा शाळेत नको."

"तुमच्याही घरची तीच आहे, सर."

त्यांनी दाराकडे बोट केलं. पुढच्याच आठवड्यात मला परत बोलावलं. टेबलावर कावळ्याची नवी कंपासपेटी होती, नातवासाठी घेतलेली. कावळा तोच, छत्री तीच. खाली मात्र छापलं होतं: का बरे?

"पाहा," ते समाधानानं म्हणाले. "त्यांनीसुद्धा सुधारले."

मी तशीच एक पेटी विकत घेतली. सोमवारी भिंतीवर लिहिलं: कंपासपेटी. पत्रा जाड. बिजागरी घट्ट. रंग नखानं निघत नाही. झाकण लावताना बोट सापडत नाही. आजवरच्या वस्तूंत सर्वांत चांगली. पण कावळा खोटा आहे. आमचा कावळा असं विचारत नाही. घेऊ नये.

मुख्याध्यापक पोरांची गर्दी सारून पुढे आले. शेवटची ओळ वाचली आणि माझ्याकडे वळले. मान लाल झाली होती.

"कायम व्हाचं नाइ का तुमाले? काहून आयकत नाइ तुमी?"

मग मागून एक पोरगं फिसकन हसलं आणि सगळा व्हरांडा हसायला लागला. मी हसलो नाही. इतक्या महिन्यांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले होते.

पोरांचं हसू ते विसरले नाहीत. शेरा आला: 'वृत्ती पोरकट. कायम करू नये.' मी वाचला, सही केली. उन्हाळ्यात ट्रंकेत कपडे खाली आणि कावळे वर भरून गावी आलो.

मायनं कंपासपेटी हातात घेतली. "यात तो काय म्हन्ते?"

"का बरे."

"कोनाले म्हन्ते असं? हा आपला नाइ." तिनं त्यात सुया ठेवल्या आणि झाकण भिंतीकडे करून पेटी कोनाड्यात सारली.

बापानं ट्रंक पाहिली. त्याला सांगावं लागलं नाही.

"नोकरी गेली?"

"गेली."

"काहून?"

मी खिशावरच्या बिल्ल्याला बोट लावलं आणि सगळं सांगितलं, 'तुमच्याही घरची तीच आहे' हेसुद्धा. ते तर त्यानं दोनदा सांगायला लावलं. मग उठून पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"दुसरी नोकरी पाय," म्हणाला. "पन तो काढजो नको."

परतवाड्याच्या शाळेत मुलाखत निघाली तेव्हा मायनं शर्ट धुऊन दिला. बिल्ला बापानं स्वतःच्या हातानं लावला, जरा तिरपा. मी तो तसाच ठेवला.