ऑर्लिनचं नाक

विस्कॉन्सिनच्या त्या भागात ऑर्लिन ट्वेटला लोक नावापेक्षा नाकावरून जास्त ओळखत. त्याने उभी हयात दुधाचा टँकर चालवला. गोठ्यामागच्या थंड टाकीचं झाकण उचलायचं, नाक आत घालायचं आणि मगच नळी जोडायची, असा त्या धंद्याचा नियम. गाईंनी कुरणात रानकांदा खाल्ला असेल तर ऑर्लिनला झाकण पुरतं उघडायच्या आतच कळे. मग तो मान हलवायचा आणि दूध तिथेच राहायचं.

अल्विन क्रूगरचं दूध त्याने एकदा असंच नाकारलं होतं. अल्विनने पुढे गाई विकल्या, ऑर्लिनचा टँकर सुटला, आणि म्हातारपणी गवताच्या धावपट्टीकडेला शेजारशेजारच्या शेडमध्ये दोघं आपापलं विमान बांधायला लागले. अल्विनचं उडूनही झालं. ऑर्लिनचं, दोन माणसांचं, आतल्या रंगापाशी येऊन थांबलं होतं.

त्याच्या शेडमधल्या एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. ॲसिटोन, थिनर, रॉकेल, सगळं एकसारख्या पत्र्याच्या डब्यांत. कोणी हटकलं तर म्हणायचा, "नाक आहे ना, चिठ्ठी कशाला?"

पण गेल्या ऑगस्टात, तिथला उन्हाळा सरताना, ते नाक गेलं. आधी त्याला सर्दी वाटली. सर्दी हटली, वास आला नाही. मार्लिसने, त्याच्या बायकोने, ओव्हनमध्ये वेलचीचे पाव ठेवले होते आणि दारातून आत येत त्याने विचारलं, "आज कॉफीबरोबर काय गं?" तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाव."

त्याच्या थोरल्या भावाचं, हारलनचं, असंच झालं होतं. आधी वास गेला, मग हात थरथरायला लागले, मग चमचा तोंडापर्यंत पोचेना. ऑर्लिन रोज सकाळी अंथरुणातच हात समोर धरून बघायचा. हात स्थिर असायचा. पण छोट्या विमानात पेट्रोल गळलं किंवा वायर जळली तर ते आधी नाकाला कळतं, हे त्याला ठाऊक होतं. बोललं तर विमान सोडावं लागणार. म्हणून तो बोलला नाही.

रंगाचं काम मात्र त्याने नेहमीसारखं मन लावून केलं. विमानाच्या आतले तळाचे आणि बाजूचे पत्रे सोडवले, लाल खरखरीत घासणीने चकाकी मरेपर्यंत घासले, साबणाने धुतले. मग प्रत्येकावर पाणी ओतून पाहिलं. पत्रा खरोखर स्वच्छ असला की पाणी चादरीसारखं सलग पसरतं. कुठे तेलकट बोट लागलं असेल तर तिथे फाटतं, थेंब धरतं. एकाही पत्र्यावर पाणी फाटलं नाही. पत्रे वाळले, त्याने हातमोजे चढवले, शेवटचं ॲसिटोनने पुसायला एक डबा उघडला. सवयीने नाकाशी नेला. काहीच नाही. पातळ होतं, पाण्यासारखं स्वच्छ होतं. तेच असेल, असं म्हणून त्याने फडकं भिजवलं, आणि पुसून झाल्यावर हिरवा प्रायमर मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्विन आला. रंगाखाली सगळं झाकायच्या आधी शेजाऱ्याने एकदा बघून जायचं, ही तिथली रीत. मार्लिसही कॉफीचा थर्मास घेऊन आली होती.

"काय रे नाकवाल्या, हे काय करून ठेवलंस?"

प्रायमरला जागोजाग गोल भोकं पडली होती. अल्विनने कडेला नख लावलं, तर हिरवा थर दुधावरच्या सायीसारखा उचलून आला.

"नीट घासलं नसशील."

"घासलंय. पाणी सलग होतं, मी पाहिलं."

"मग पुसलंस कशाने?"

ऑर्लिनने डबा दाखवला. अल्विनने तो उचललादेखील नाही.

"अरे हे रॉकेल! शेडभर वास सुटलाय, मला वाटलं हीटर भरताना सांडलंस. आणि तू त्याने पत्रा पुसलास? तुला..." तो हसत होता, तो थांबला. "तुला वास नाही आला?"

"सर्दी झालीय."

"ऑगस्टपासून?" मार्लिस म्हणाली.

ऑर्लिनने तिच्याकडे पाहिलं. तिने थर्मास बाकावर ठेवला.

"एकदा मी पाव मुद्दाम करपू दिला. घरात धूर होईपर्यंत. तू पेपर वाचत बसला होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." ती म्हणाली. "हारलनच्या वेळी मीही होते ना रे तिथे."

बाहेर एक विमान उतरलं आणि घरघरत लांब गेलं. अल्विनने टोपी काढून डोकं खाजवलं.

"हे बघ, नाकं बऱ्याच म्हाताऱ्यांची जातात. तेवढ्यावरून काही ठरत नाही. आणि उडताना, मी काय म्हणतो, कोणाला कळणार आहे?"

ऑर्लिन जरासा हसला. "तू हेच म्हणाला होतास. तुझ्या दुधाच्या टाकीपाशी."

"आणि तू काय म्हणालास?"

"मला कळलंय, म्हणालो."

"आठवडाभर बोलणं बंद केलं होतं मी तुझ्याशी."

"महिनाभर," मार्लिस म्हणाली.

ऑर्लिनने पत्र्यावरचा सायीसारखा थर बोटाने सोलला, गोळी केली, केराच्या डब्यात टाकली. "डॉक्टरांकडे जातो. ते काय म्हणतात ते कळेपर्यंत हे हवेत जाणार नाही. मी चालवत असताना तर नाहीच."

"मग याचं काय? विकतोस?"

"विकलं काय, ठेवलं काय, पत्र्याला गंजाची पांढरी पूड धरता कामा नये. परत घासायचं."

अल्विनने बाह्या सरसावल्या. पुटपुटला, "कांद्यावरून अडवणारा माणूस! दुसरं काय म्हणणार!" आणि घासणी उचलली.

मार्लिस मांडणीपाशी गेली. एकेक डबा उघडून हुंगू लागली, तोंड वाकडं करू लागली, अल्विनला नाव विचारून विचारून चिकटपट्टीवर लिहू लागली. ऑर्लिनने अडवलं नाही, पण तिकडे पाहिलंही नाही.

दुपारी पहिला पत्रा पुन्हा धुऊन झाला. त्याने वरून पाणी सोडलं.

"रॉकेल गेलं का बघ गं."

ती वाकली. "गेलं. नुसता साबणाचा वास येतोय. लिंबाचा."

"लिंबाचा आहे होय तो," ऑर्लिन म्हणाला. आणि चष्मा पुसून, पाणी कुठे फाटतंय का, ते बघत उभा राहिला.