किरकिरताई आणि भिंत

आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी धुवायला येतात. धुऊन झाल्या की मोठ्या रोलरच्या इस्त्रीतून निघून त्या घडीच्या टेबलावर पडतात. चादरीची घडी एकट्यादुकट्याचं काम नव्हे. दोन टोकं मी धरायची आणि समोरची दोन ताईनं. पाठीमागे सगळे तिला किरकिरताई म्हणत, तोंडावर नुसतं ताई. चादर हातातून सोडून पळता येत नाही, त्यामुळे तिचं सगळं मला ऐकावंच लागे.

किरकिरीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चहा गरम असला तर जीभ भाजली, निवला तर हा काय चहा झाला? स्वतःच्या लग्नात तिनं फोटोग्राफरला दिवा बाजूला घ्यायला लावलं होतं. त्या फोटोत नवरा हसतोय आणि ही बोट दाखवतेय. नवरा वाचनालयात नोकरीला. तिथली शांतता त्याच्या अंगात इतकी मुरलेली, की घरीही तो 'हं'च्या पुढे जात नसे. "आणि ते 'हं'सुद्धा मेलं अर्धवट," असं ताईचं म्हणणं.

आमचे मॅनेजरसाहेब तसे सज्जन, पण भित्रे. ताई येताना दिसली की खोटाच फोन कानाला लावत. एकदा तो कानाशी असतानाच वाजला. तेव्हापासून ते ताईला बघून इस्त्रीच्या यंत्रामागे वाकून काहीतरी तपासायला लागले.

ताईचं मन मोकळं व्हायची खरी जागा म्हणजे इस्त्रीवाले काका. रोलरवर चादर सोडायचं काम त्यांचं. ते आमच्या टेबलाला लागूनच उभे असत. ताई बोले आणि काका मान हलवत. "छान, छान," म्हणत. "माणूस असावा तर असा," ताई मला ऐकवायची. "मधे तोंड घालत नाही, सल्ला देत नाही."

तर झालं असं, की माणसं आमच्याकडे टिकेनात. आली, वाफेत चार-सहा महिने शिजली आणि गेली. मालकांनी वैतागून एक एआय आणलं. चहाच्या कोपऱ्यात भिंतीवर एक स्क्रीन बसवली. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "कामात काय त्रास होतो तो याच्याशी बोला. नाव विचारणार नाही. आठवड्यानं मला फक्त सारांश देईल." आमच्यातल्या एकानं लगेच म्हटलं, "भिंतीला कान असतात ऐकलं होतं, आता तोंडही फुटलं." झालं, तेव्हापासून ती भिंतच.

बोलायला कोण धजावणार? नाव विचारणार नाही म्हणे, पण आवाज तर आपलाच ना! आम्ही सगळे जाता-येता "सगळं छान आहे" म्हणून पुढे सटकायचो. ताई मात्र पहिल्याच दिवशी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तिच्यापुढे उभी होती.

परत आली ती जराशी गोंधळलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी म्हटलं, इथली फरशी मेली नेहमी ओली असते. तर ती विचारते, कुठे जास्त ओली असते? सकाळी की दुपारी?"

"मग?"

"मग काय! आजवर कुणी पुढचं विचारलंय का मला? मला कुठे माहितीये? आता बघून यायला हवं."

आणि ती खरंच बघून आली. दुपारच्या फेरीनंतर तिसऱ्या मशीनच्या मागे पाणी तुंबतं, हे तिनं भिंतीला सांगितलं. मग टेबल बुटकं आहे म्हणून पाठ कशी आणि केव्हा धरते ते सांगितलं. मग शटरच्या फटीतून येणारा वारा. पूर्वी नुसतं 'इथे सगळंच मेलं वाईट' म्हणणारी बाई आता डॉक्टरपुढे बसल्यासारखी नेमकं बोलायला लागली.

आठवड्याचा सारांश वाचून साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. घडीच्या टेबलावर अनेकांची पाठ दुखते, अनेकांना फरशीची भीती वाटते, अनेकांना वारा बाधतो. भिंत नावं विचारत नव्हती, त्यामुळे प्रत्येक वेळचं बोलणं वेगळ्या माणसाचं धरत होती. अख्खी लाँड्री आता बंड करणार, या धास्तीनं साहेबांनी टेबलांना उंच पाय लावले, पाण्याची वाट मोकळी केली, पायाखाली रबरी चटया घातल्या. आमच्या पाठी सुटल्या. कुणाच्या पुण्याईनं, हे कुणाला कळेना. ताईला चटईचा हिरवा रंग तेवढा आवडला नाही.

पुढे साहेबांनी 'फक्त सारांश'चं बोलणं विसरून मूळ बोलणी वाचायला मागितली. बघतात तर 'मेलं' या शब्दाशिवाय एकही वाक्य पूर्ण होत नव्हतं. ताईला बोलावणं आलं.

"ताई, हे सगळे लोक तुम्हीच?"

"मग काय तर! बाकीचे बोलतात का?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. एकटीच्या किरकिरीवर एवढा खटाटोप! त्यांनी भिंतीलाच जाब विचारला. भिंतीनं आधी चूक कबूल केली. एकाच व्यक्तीचं बोलणं आपण अनेकांचं समजलो, आणि बोलणारे किती ते कळत नाही हे सारांशात स्पष्ट लिहायला हवं होतं, असं म्हणाली. मग पुढे म्हणाली, "बाकीचे फक्त 'छान' म्हणतात. त्यातून मला काहीच कळत नाही. ते मला सांगत नसतील, तर कुणीतरी माणसानंच जाऊन विचारलेलं बरं."

असा माणूस कोण? रोज अर्धा तास ताईनं लोकांना बोलतं करायचं, असं ठरलं. "आधीची कामं काय थोडी होती!" म्हणत तिनं ते घेतलं आणि सुरुवात अर्थातच हक्काच्या माणसापासून केली.

"काका, तुम्हाला काय त्रास आहे कामात?"

"छान, छान."

"पाठ दुखते? पाय?"

"छान."

"अहो, काहीतरी असेलच ना!"

काकांनी हसून मान हलवली. ताई चिडली. "काका, तुमच्या शर्टाला आग लागलीये!"

"छान," काका म्हणाले.

मी हातातली चादर खाली ठेवली. ताई काकांकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली, रागानं लाल. "म्हणजे इतकी वर्षं... माझ्या जावेचं सगळं मी यांना सांगितलं! गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं!" दोन चादरींच्या घड्या होईपर्यंत ती धुमसत होती. तिसऱ्या चादरीला तिचा हात थांबला. हळूच म्हणाली, "किती दमत असेल हो हा माणूस."

तिनं काकांचा हात धरून त्यांना भिंतीपाशी नेलं, अक्षरं मोठी करायला लावली आणि बाजूला झाली. काकांनी चष्मा पुसला. स्क्रीनवर प्रश्न आला: कामात सगळ्यात जास्त थकवा कशाचा येतो?

काकांनी बोट ठेवून प्रश्न वाचला. मग बोलले. स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्यामुळे त्यांना तो किती मोठा झाला हे समजलं नाही. मशीनच्या घरघरीवरून सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"ऐकू येतंय असं दाखवण्याचा!"

जो तो हातातलं काम टाकून उभा राहिला. साहेब केबिनबाहेर आले. सगळ्यांचे चेहरे पाहून काकांना काय झालं ते उमगलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ताई साहेबांच्या वाटेत जाऊन उभी राहिली. "यांना घरी बसवायचा विचार मनातसुद्धा आणू नका."

"अहो, मी अजून काही बोललोय का?" साहेब म्हणाले आणि पहिल्यांदाच तिच्यासमोरून पळाले नाहीत. त्यांनी काकांचा दंड धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटवून घेतलं: 'नोकरी कुठेही जात नाही.' काकांनी ते दोनदा वाचलं.

भिंतीचं म्हणणं पडलं, की एवढ्या आवाजात एकट्या काकांचेच कान गेले असतील असं नाही, सगळ्यांचेच तपासून घ्या. तपासले. आणखी दोघांचे कमजोर निघाले. त्यातली एक मी. त्यावर साहेब ताईकडे बघत मला म्हणाले, तुमच्या कानांना मशीनच बाधलं असेल असं खात्रीनं सांगता येत नाही. ताई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि साहेब त्या आठवड्यात फार खुशीत होते.

मशीनखाली आवाज दाबणारे पाय बसले, सगळ्यांना कानावर लावायच्या टोप्या मिळाल्या, इस्त्रीच्या इशाऱ्याची घंटा ऐकू आली नाही तरी कळावं म्हणून तिच्याजवळ लाल दिवा लागला. काकांना कानातलं यंत्र मिळालं. भिंतीशी आता खरंच बरेच जण बोलतात. कधी लाजत, कधी ताई मागे उभी राहून ढोसते म्हणून. एकीला मूल तान्हं म्हणून सकाळची पाळी मिळाली. सोडून जाणारे कमी झाले.

यंत्र लावून काका कामावर आले, तो दिवस. जेवणाच्या सुट्टीत, मशीन थांबल्यावर, ते ताईसमोर येऊन बसले. जरा ओशाळलेले होते.

"ताई, एवढी वर्षं तुम्ही काय सांगत होतात हो मला? आता सांगा. ऐकतो."

ताईला नेमकं तेव्हाच काही आठवेना. ती माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे.

"काही नाही हो," ती शेवटी म्हणाली. "असंच आपलं. तुम्ही डबा खा आधी, निवेल."

काकांनी डबा उघडला. त्यांचा शेवटचा घास होतो न होतो, तोच ताईला एकेक आठवायला लागलं.