गादीत राहिलेली सरकी

माझ्या अम्मीला दोनच माणसांचा राग होता. एक, कापसाला ग्रेड लावणारा. दुसरा, गणवेश घालून प्रश्न विचारणारा. त्या वर्षी दोघंही तिच्या वाट्याला आले आणि मधे मी सापडले.

आम्ही आर्णीचे. अब्बांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आणि गावाबाहेर थोडं कोरडवाहू वावर, त्यात दरवर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. घरात आम्ही उर्दू, हिंदी आणि वऱ्हाडी यांची खिचडी बोलतो. पण अम्मी रागावली की बाकीचं सगळं बाजूला पडतं आणि नुसती वऱ्हाडी उरते. हे आधीच सांगून ठेवते, कारण यापुढे ती बहुतेक वेळ रागावलेलीच आहे.

त्या वर्षी बोंडअळीतून वाचलेला कापूस टेम्पोत भरून अब्बा खरेदी केंद्रावर गेले. ग्रेडरने मूठभर कापूस उचलला, चिमटीत ओढला आणि माल हलका आहे म्हणाला. अब्बांना दुकानात लोक इंजिनाचा आवाज ऐकवायला यायचे, त्यांच्या शब्दाला किंमत होती. त्यांच्या मालाला कोणी हलकं म्हणावं, हे सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी टेम्पो वळवला आणि सगळा कापूस घरी आणून बैठकीत ओतला. खिडकीपर्यंत ढीग लागला. पाहुणा आला की आम्ही त्याला कापसाला टेकून बसवायचो. तो चहा पिईपर्यंत खाजवायला लागायचा आणि लवकर उठायचा. तेवढा एक फायदा.

अशात लाहोरहून आपाचा फोन आला. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती तिकडे आमच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, मुलाला दिलेली. पोटात बाळ, दिवस भरत आलेले, आणि याआधी दोनदा राहून गेलेलं, त्यामुळे डॉक्टरने प्रवास बंद केला होता. आता पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम आमच्याकडे हिंदू-मुसलमान सगळेच पाळतात. आपा फोनवर रडली. अम्मी रडली नाही. फोन ठेवून ती कापसाच्या ढिगाकडे बघत बसली.

"पोरगी माहेरी येऊ शकत नाही, त माहेर घेऊन जाऊ," ती म्हणाली. "लेकराची पाठ पह्यले आपल्या कापसाले लागली पाह्यजे. मंग ते कुठंबी वाढो."

झालं. बाळासाठी गादी शिवायची ठरली. जिनिंगमधून सरकी काढलेली रुई आणली असती तर अर्ध्या दिवसात काम झालं असतं. पण अम्मीच्या मते मशीनमधून निघालेला कापूस अर्धमेला असतो. बाळाच्या गादीचा कापूस हातानेच सोलायचा, एकेक सरकी, म्हणजे कापसातलं बी, बोटांनी काढायची. मग शेजारच्या तांड्यावरची काकू आली, समोरची भाभी आली, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर सरकी काढणं सुरू झालं. तेव्हा भारनियमन जोरात होतं. मालिकेत सासू सुनेच्या अंगावर धावून जायची आणि नेमकी लाईट जायची. मग पुढे काय झालं असेल यावर भांडत, अंधारात, नुसत्या बोटांनी बायका कापूस सोलायच्या. या कामाचा दर्जा काय असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कापूस काठीने झोडपून फुलवला. जुन्या मऊ ओढणीची खोळ करून गादी शिवली. उरलेल्या कापसाचा हातभर चौकोन केला, बाळाच्या कुल्ल्याखाली घालायला. अब्बांना दुकान सोडून यायचं नव्हतं, खरं तर ढीग सोडून यायचं नव्हतं. म्हणून कागद वाचता येणारी म्हणून मी अम्मीबरोबर निघाले. ते आम्हाला बसवर सोडायला आले, गादीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाह्य, हलका माल हाय काय?" अम्मी म्हणाली, "आता उतरा, बस सुटून राह्यली."

अटारीला, सरहद्दीवरच्या स्टेशनवर, सगळं सामान उतरवून एका मोठ्या हॉलमध्ये रांग लावली. आपल्याकडच्या साहेबाने विचारलं, "माजी, कुछ डिक्लेअर करना है?"

"काय म्हनते हा?" अम्मीने मला विचारलं.

मी सांगितलं, लपवण्यासारखं काही नेत असशील तर आधी सांगून टाक, असं म्हणतात.

"लपवाचं असतं त याले कायले सांगतलं असतं?" अम्मी म्हणाली. तर्क बिनतोड होता, पण मी भाषांतर केलं नाही. नाही म्हणून मान हलवली.

साहेबाने पासपोर्ट उघडला आणि त्याचा चेहरा बदलला. "यवतमाल? अच्छा... वो किसानों वाला?" त्या वर्षांत हे सगळीकडेच व्हायचं. यवतमाळ म्हटलं की माणसं मयतीला आल्यासारखी तोंडं पाडायची. नागपूरचा डॉक्टर पाडायचा, दिल्लीचा रिक्षावाला पाडायचा. मला त्याची चीड होती. आम्हीही लग्नं करतो, भांडतो, मालिका बघतो, याची कोणाला खबरच नव्हती. साहेब हळू आवाजात म्हणाला, "घर में सब ठीक हैं ना?"

"सब जित्ते हावो," अम्मी कडाडली. "दिसत नाही काय?"

त्याला ते काय कळलं देव जाणे. त्याने दुःखाने मान हलवली, आमचं काहीही न उघडता गादीवर खडूने तपासणी झाल्याची खूण केली आणि जाऊ दिलं. अम्मी रेल्वेत बसेपर्यंत पुटपुटत होती. खडूची खूण तिने ओढणीचं टोक ओलं करून पुसून टाकली.

पलीकडे वाघा स्टेशनवर, म्हणजे पाकिस्तानात, पुन्हा सगळं उतरवलं. तिथल्या मिशीवाल्या अधिकाऱ्याला यवतमाळ कुठे आहे हे माहीत नव्हतं, त्यामुळे दया येण्याचा प्रश्न नव्हता. त्याने गादी दोन्ही हातांनी दाबली. मग थांबला. पुन्हा दाबली. गादीत काहीतरी कडक होतं.

"इसमें क्या है?"

"कापूस."

"कापूस के अंदर?"

अम्मीने स्वतः चाचपून पाहिलं. तिचा चेहरा पडला, पण कबूल करणाऱ्यांपैकी ती नाही. "सरकी असन. राह्यली असन एखादी."

अधिकाऱ्याला सरकी कळेना. मी माझ्या पुस्तकी उर्दूत सांगितलं, "बिनौला." त्यासरशी तो सरळ झाला. शेतकऱ्याच्या घरचा असावा. बिनौला म्हणजे बीज, आणि बीज देशात आणायचं नाही. त्याने आतून मोठ्या साहेबाला बोलावलं. मोठा साहेब चष्मा लावून आला, खोळीची एक बाजू उसवली, एक सरकी काढली आणि उजेडात धरली. मग आवाज खाली आणून विचारलं, "ये वो नया बीज है? हिंदुस्तान वाला? जिसे कीड़ा नहीं लगता?"

तेव्हा मला कळलं की माझी अम्मी बियाण्याची चोरटी वाहतूक करते असा यांचा संशय आहे. मी एक पाऊल मागे सरकले. अम्मी पुढे झाली.

"कीडा लागत नाही म्हननारा कोन हाय?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या रांगा थांबल्या. "आन त्याले माह्यासमोर! थैलीवर फोटो पाहून आमीबी आनलं थे बियानं. अळीनं फोटोबी पाह्यला नाही, सारं खाऊन टाकलं. तुमाले पाह्यजे असन त घेऊन जा, अळीबी घेऊन जा!"

मोठ्या साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "जी, अम्मी कह रही हैं, कीड़ा लगता है."

मिशीवाला खाली मान घालून हसला. मोठा साहेब हसला नाही. त्याने नियम सांगितला. एकतर गादी इथेच ठेवायची, नाहीतर सगळं बीज काढून न्यायची. गाडी सुटायला वेळ आहे, तोवर ठरवा.

अम्मीने ठरवायला वेळ घेतला नाही. ओढणी कमरेला खोचली, हॉलच्या मधोमध फरशीवर बसली आणि खोळीच्या चारही बाजू उसवून टाकल्या. कापूस दोघींच्या मधे उतू आला. मीही बसले. मला रडू येत होतं. आपा तिकडे स्टेशनवर नवऱ्याला पाठवून वाट पाहत असणार, आणि आम्ही दोघी दुसऱ्याच्या देशात फरशीवर बसून कापूस सोलतोय. गादी राहिली असती तर अम्मी रित्या हाताने आपासमोर कशी उभी राहिली असती, या विचाराने माझी बोटं भराभर चालत होती.

अम्मी मात्र हिशेब लावत होती. एकेक सरकी निघाली की ती उचलून गुन्हेगार सांगायची. "हे भाभीची. मालिका सुरू झाली की तिचा हात थांबते." "हे काकूची, तिले अंधारात दिसत नाही अन् उजेडातबी दिसत नाही." कितीही सरक्या निघाल्या, तरी तिच्या हातची एकही निघाली नाही.

मग दिल्लीची एक म्हातारी प्रवासी न विचारता येऊन बसली. तिच्या मागोमाग दोन बहिणी आल्या. कोणीतरी पोतं आणून अंथरलं. मिशीवाला उकिडवा बसून मदत करायला लागला, तर अम्मीने त्याचा हात धरला. "पह्यले हात धू. लेकराची गादी हाय." तो खरंच जाऊन हात धुऊन आला. परत येऊन त्याने कापूस टराटरा ओढला, तेव्हा ती पुन्हा ओरडली. आता तिने त्याला वऱ्हाडीतच शिकवायला सुरुवात केली, आणि तो पंजाबीत उत्तरं द्यायला लागला. मी मधून बाजूला झाले. त्या दोघांना माझी गरज उरली नव्हती.

काम संपत आलं होतं. दुपार तापली होती. कोणत्या तरी सज्जन माणसाला आम्हा बायकांची दया आली आणि त्याने पंखा लावला.

पुढचं काय सांगू! बाळाचं सगळं माहेर हॉलभर उडालं. मोठा साहेब धावत आला तो चष्म्यावर कापूस घेऊनच. शिक्के मारणाऱ्याच्या शाईच्या पॅडवर कापूस, रांगेतल्या दाढ्यांवर कापूस, बुरख्यांवर कापूस. "बंद कर! बंद कर बे!" अम्मी ओरडत होती आणि सगळा हॉल कापसामागे धावत होता. ज्यांच्या बॅगा तासाभरापूर्वी संशयाने उलटल्या होत्या ते, आणि उलटणारे, दोघंही ओणवे होऊन चिमटीने कापूस टिपत होते. मोठ्या साहेबाने आपल्या खांद्यावरचा पुंजका काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप ढिगावर ठेवला. एवढ्या वेळानंतर तो तिथे पहिल्यांदा हसला.

सरकीचा लहानसा ढीग टेबलावर राहिला. अम्मीने टाके घालता घालता विचारलं, त्याचं काय करणार? मिशीवाला म्हणाला, जाळावं लागेल.

"जाळू नोको," ती म्हणाली. "म्हशीले चार. दूध दाट होते."

त्याने मोठ्या साहेबाकडे पाहिलं. मोठ्या साहेबाला तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. सरकी रुमालात गेली, रुमाल खिशात. बीज देशात गेलं की नाही, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. म्हशीच्या पोटात गेल्यावर त्याचं राष्ट्रीयत्व काय उरतं, मला माहीत नाही.

आपाला मुलगी झाली. अम्मीने तिला नर्सच्या हातून घेतलं आणि बाकी कोणी काही अंथरायच्या आत आपल्या गादीवर ठेवलं. पाठ लागली. मग अम्मी दाराबाहेर जाऊन एवढी रडली की जावई घाबरला. लाहोरात आम्ही खूप सुखात होतो, हे सरळच सांगते. व्हिसाचे दिवस संपले तेव्हा आपा दारापर्यंत आली, पुढे आली नाही.

अटारीला पुन्हा तेच टेबल. साहेब तोच होता की दुसरा, मला ओळखू येईना. प्रश्न मात्र तोच. "माजी, कुछ डिक्लेअर करना है?"

यावेळी मी नाही म्हणायच्या आत अम्मी म्हणाली, "हव." तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर उलगडलं. तो हातभर चौकोन होता. वाळलेला, न धुतलेला, मधे पिवळा डाग पडलेला.

"ये क्या है?"

"नातीचं मूत," अम्मी म्हणाली. "कापूस इकडला, मूत तिकडलं. काय जकात लागन थे सांग."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी खरं तेच सांगितलं. त्याने तो चौकोन स्वतःच्या हाताने घडी घालून प्लॅस्टिकमध्ये ठेवला आणि अम्मीच्या पिशवीत सरकवला. कुठेही खूण केली नाही.

आर्णीला घरी पोहोचलो तर बैठक रिकामी होती. फरशी धुतलेली, खिडकीतून ऊन आत आलेलं. अब्बांनी कापूस शेवटी त्याच ग्रेडरला त्याच भावात दिला होता. फोनवर त्यांनी हे सांगितलं नव्हतं. अम्मीने पिशवीतून चौकोन काढून त्यांच्यापुढे केला.

अब्बा दुकानातून तसेच आले होते, हात ऑईलने काळे. ते मागे गेले, रॉकेलने हात पुसले, मग साबणाने धुतले, वास घेऊन पाहिला आणि पुन्हा धुतले. मग त्यांनी तो चौकोन दोन्ही हातांनी घेतला आणि डाग नाकाशी धरला.

"हा कोन्या ग्रेडचा माल हाय, जरा इचारून ये त्या ग्रेडरले," ते म्हणाले.

आणि त्या रिकाम्या बैठकीत, जिथे ढीग होता तिथेच, खाली बसले. अम्मी चहा ठेवायला गेली. चहा झाला, गार झाला, तरी त्यांनी तो चौकोन खाली ठेवला नाही.