इरिदेबाईंना न आठवलेले संवाद

इरिदेबाई किंचाळल्या की रोमच्या तेस्ताच्चो भागातल्या बाजारातली कबुतरं उडतात, असं त्यांची धाकटी बहीण फेर्नांदा सांगत सुटायची. त्यातलं तिखटमीठ फेर्नांदाचं. पण बाईंनी उमेदीची वर्षं किंचाळण्यावर काढली, हे मात्र खरं.

रोममध्ये त्या काळी सिनेमा आधी चित्रित व्हायचा आणि आवाज मागाहून, अंधाऱ्या खोलीत, भलत्याच माणसांचा भरला जायचा. पडद्यावर डेन्मार्कची नाहीतर जर्मनीची देखणी पोर, आणि तिच्या तोंडून बोलणारी खाटकाची लेक, इरिदे चेझारोनी. काळे हातमोजे घातलेल्या खुन्यांच्या सिनेमांची लाट आली तेव्हा इरिदे पंचवीस वर्षांची होती. तीन वर्षांत सत्तावीस वेळा तिचा गळा चिरला गेला, दोनदा ती बाथटबमध्ये बुडाली आणि एकदा लिफ्टमध्ये मेली. नाव मात्र एकाही सिनेमाच्या पाट्यांवर आलं नाही. केस विंचरणाऱ्याचं नाव असायचं, उसने दागिने देणाऱ्या दुकानाचं असायचं, आवाज देणारीचं नाही. लोक याला धंद्याची रीत म्हणायचे. मी कृतघ्नपणा म्हणतो.

पुढे लाट ओसरली. इरिदेने साबणाच्या जाहिराती केल्या, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणा केल्या. लग्न केलं, नवऱ्याला पोचवलं, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी बहिणीबरोबर तिसऱ्या मजल्यावर भांडत राहू लागली.

एका मार्चमध्ये साव्हेरिओ नावाच्या माणसाचा फोन आला. जुने सिनेमे धुऊनपुसून घरी बघण्याच्या डिस्कवर काढणं, हा त्याचा उद्योग. ‘चिमणीच्या गळ्यातली किल्ली’ हा बाईंनी आवाज दिलेला खूनपट त्याने वर्षभर खपून साफ केला होता. शेवटी गोदामात एक डबा सापडला. सेन्सॉरने प्रदर्शनाआधीच कापून टाकलेली चार मिनिटं त्यात होती. चित्र सुरेख, पण आवाजाची फीत आंबून तिचा लगदा झालेला. संहिताही कुठे सापडत नव्हती.

“सिन्योरा, कापण्याआधी त्या प्रसंगाला आवाज तुम्हीच दिला होतात ना? पुन्हा द्याल? या वेळी पाट्यांवर तुमचं नाव घालू,” साव्हेरिओ म्हणाला. “फक्त एक अडचण आहे. संवाद आठवतात का तुम्हाला?”

“आठवतात की!” इरिदेबाई म्हणाल्या.

त्यांना एकही शब्द आठवत नव्हता. पन्नास वर्षांनी कोणीतरी नाव घालू म्हणतंय, तिथे ‘नाही’ हा शब्द घशातून वर येईना. फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

फेर्नांदा समोर भाजीसाठी आर्टिचोकची बोंडं सोलत होती. “सत्त्याहत्तर वर्षांची घोडी तू, आणि सव्वीस वर्षांच्या पोरीच्या तोंडून बोलणार? आरशात बघितलंस का?”

“माइकसमोर आरसा नसतो गं बये.”

“आणि संवाद?”

“आठवतील.”

आठवडाभर बाईंनी डोक्याला ताण दिला. त्या खोलीतला संत्र्याच्या सालींचा वास आठवला. ध्वनिमुद्रणाच्या मशीनवर बसणाऱ्याचा कोपरावर विरलेला निळा स्वेटर आठवला. बोललेलं काही आठवेना. तेवढ्यात साव्हेरिओचा पुन्हा फोन आला. त्याने पडताळा म्हणून बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका बाईंना ओठ वाचायला बसवलं होतं.

“सिन्योरा, ती नटी नुसते आकडे मोजतेय हो!”

“मोजणारच,” इरिदेबाई म्हणाल्या. बाहेरच्या पोरींना इटालियन येत नसे. मग दिग्दर्शक त्यांना थोडे आकडे पढवून म्हणायचा, मोज, पण जीव तोडून मोज. शब्द आम्ही मागाहून घालू. ओठ हलल्याशी मतलब.

“मग आता सगळी भिस्त तुमच्यावर,” साव्हेरिओ म्हणाला. “शब्द मिळाले नाहीत तर एवढा प्रसंग मुका जाईल.”

फेर्नांदाने कान देऊन सगळं ऐकलं होतं. “ठोकून दे काहीतरी,” ती म्हणाली. “दिग्दर्शक मेला, लेखक मेला, निळा स्वेटरवालाही मेला. विचारायला कोण येतंय? का परवा चर्चमध्ये पाद्र्यासमोर कबुली देणारेस?”

बाईंनी ठोकलं. वाणसामानाच्या यादीमागे आठ ओळी लिहिल्या. ‘आई, दार तू उघडं ठेवलंस का?’ अशी सुरुवात. आणि खरं सांगायचं तर ओळी झकास होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे संवाद बोललेल्या माणसाला लय बरोबर कळते.

सोमवारी सकाळी दहाला त्या स्टुडिओत गेल्या. साव्हेरिओ चाळिशीचा, दाढीवाला, अदबीचा माणूस. त्याने काचेमागे बसून आधी प्रसंग तसाच दाखवला, बिनआवाजाचा.

सिनेमातली डॅनिश नटी बीर्गित बंद दाराला पाठ लावून उभी होती. घरात एकटी. ओठ हलत होते. बाईंनी त्या काळी हा चेहरा शेकडो वेळा पाहिला होता, पण पाहिले होते फक्त ओठ: कधी उघडतात, कधी मिटतात. वरचे डोळे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. बीर्गितला प्रत्यक्षातही त्या कधी भेटल्या नव्हत्या. डॅनिश पोर मठ्ठ आहे, चेहरा म्हणजे दगड, इरिदेच्या आवाजाने तिला तारलं, असं तेव्हा सगळे म्हणायचे. इरिदेलाही ते ऐकायला गोड लागायचं.

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या.

पोरीने मोजत मोजत सोळापर्यंत मजल मारली आणि तिचं गाडं अडलं. पुढचा आकडा तिला येईना. ती कावरीबावरी झाली, ओठ उघडे राहिले, डोळ्यांत पाणी आलं आणि तिने मागे जाऊन अकरापासून पुन्हा सुरुवात केली. ती खुन्याला भ्यालेली नव्हतीच. परक्या मुलुखात, परक्या भाषेत, चुकलं म्हणून आता तो दिग्दर्शक ओरडणार, याची ती भीती होती. पण भीती सोळा आणे खरी होती. हिला आपण मठ्ठ म्हणत होतो, या विचाराने इरिदेबाईंना लाज वाटली.

त्यांनी हातातला कागद दुमडून पर्समध्ये टाकला.

“साव्हेरिओ, मला यातलं एक अक्षर आठवत नाही. फोनवर मी खोटं बोलले.”

साव्हेरिओने चष्मा काढला. “आणि तो कागद?”

“काल मी रचलेलं. छान आहे, पण तेही खोटंच.”

“मग संपलं, सिन्योरा. मुकाच जाऊ दे प्रसंग.” त्याचा आवाज पडला होता. पाट्यांवरच्या नावाचं त्याने काढलं नाही, बाईंनीही काढलं नाही.

त्या निघाल्या नाहीत. काचेतून पडद्याकडे बघत राहिल्या. “एक विचारू? एकटी बाई दाराला पाठ लावून उभी आहे. बाहेर जिन्यावर कोणीतरी चढतंय. ती काय करेल?”

“काय करेल?”

“पायऱ्या मोजेल. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही त्या पोरीच्या तोंडात आमचे शब्द कोंबले. आज तिला तिचं बोलू दे.”

“आणि मूळ संवाद?”

“हरवले म्हणून लिही. इरिदे चेझारोनीला आठवले नाहीत, असं नाव घालून लिही. खरं असेल ते.”

साव्हेरिओने चष्मा चढवला आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला.

इरिदेबाई माइकपासून हातभर लांब उभ्या राहिल्या. आवाज कुजबुजीइतकाच काढला. कुजबुजीत वय कळत नाही. सात. आठ. नऊ. बीर्गितचे ओठ आणि बाईंचा श्वास एका मापाने चालू लागला. चौदा. पंधरा. सोळा.

सतरा हा आकडा बाईंना चांगला येत होता. तरी त्यांनी बीर्गितबरोबर तोंड उघडं ठेवलं, पुढचा आकडा सापडत नसल्यासारखी धाप टाकली आणि कापऱ्या आवाजात त्या मागे गेल्या. “अकरा... बारा...”

काचेपलीकडे साव्हेरिओने, भर दिवसा, मान वळवून दाराची कडी लागली आहे ना ते पाहिलं.