घोड्याच्या पट्टीतलं प्यादं

मामांशी खेळलेला शेवटचा डाव मी एका पत्रकाच्या पाठीवर उतरवून ठेवला आहे. ते पत्रक माझंच, त्यांच्याविरुद्ध लिहिलेलं.

मामा यंत्रमाग कामगार, सख्खे नव्हेत. युनियनच्या कचेरीत वडिलांबरोबर असायचे. मी तिथे पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. घड्या संपल्या की मामा पट मांडायचे. एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी सुताची कांडी. बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं. मग एका संपात त्यांनी मालकाशी समझोता केला आणि मी पत्रकात त्यांना विकला गेलेला माणूस म्हटलं. ते वाचूनही त्या दुपारी ते खेळायला बसले. माझ्याकडे हत्ती आणि एक प्यादं उरलं, त्यांच्याकडे नुसता हत्ती, तीच कांडी.

"बरोबरी झाली पोरी," म्हणत ते उठले.

"पळताय," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते लेकीकडे हैदराबादला गेले.

सहा वर्षं मी फोन केला नाही. माफी मागायची नव्हती, आणि दुसरं कारण सापडत नव्हतं. शेवटी ठरवलं, तो डाव मी जिंकत होते हे सिद्ध करायचं आणि मग फोन लावायचा.

लॅपटॉपवर बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर घातलं, त्यात पत्रकावरचा डाव मांडला. पटावर मोजकेच मोहरे उरले की अचूक निकाल सांगणाऱ्या फायली मिळतात, त्याही उतरवल्या. तरी ते अंदाजच सांगत राहिलं: पांढऱ्याचं पारडं जड. अंदाज मला नको होता. फायली फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये पडल्या होत्या, सॉफ्टवेअरला दिलेला त्यांचा पत्ता बदलला. तरी सापडलेल्या फायली शून्य. मग कळलं, मी पत्ता वेगळ्याच प्रकारच्या फायलींच्या रकान्यात टाकत होते. तो हलवल्यावर निम्म्या वाचल्या गेल्या. एक फाईल यादीत दिलेल्या आकाराशी ताडली तर लहान निघाली. वीज गेली तेव्हा अर्धीच उतरली होती. ती पुन्हा उतरवली, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं.

पांढऱ्याचा विजय. पांढरे मोहरे माझे होते.

लगेच फोन लावला.

"कोण, पत्रकवाली का?"

"मामा, तो डाव मी जिंकत होते. कॉम्प्युटर सांगतोय."

"कसं काय?"

"प्यादं शेवटच्या घरात जातंय की. वजीर होतोय."

"कुठल्या पट्टीत होतं?"

"घोड्याच्या."

ते खोकेपर्यंत हसले. "मग वजीर कुठनं आणलास? आपल्या कचेरीत घोड्याच्या पट्टीतलं प्यादं घोडाच होतंय. हत्ती-घोड्यानं नुसत्या हत्तीला मात करून दाव की मला."

सहा वर्षं मोबाइलवर अनोळखी लोकांशी खेळून मी आपलेच नियम विसरले होते: प्यादं ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचेल तोच मोहरा होतं, आणि हत्ती-घोड्यापुढे नुसता हत्ती सहसा टिकतो. समोर 'विजय' तसाच चमकत होता. तो खोटा नव्हता. फक्त आमच्या कचेरीतला नव्हता.

"मामा," मी म्हणाले, "बरोबरीच होती."

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"कचेरी हाय का अजून?"

"कुलूप आहे. तुम्ही कधी येताय?"

"गुडघे ऐकत न्हाईत गं आता." मग हळूच विचारलं, "कांडी?"

"माझ्याकडे आहे."

"हरवू नको. तो माझा हत्ती हाय."