वातींचा डबा

आमच्या घरात वातींच्या डब्याला सासूबाईंशिवाय कुणी हात लावत नसे. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र केव्हाच पुसून गेलेलं. अंथरूण धरल्यापासून त्यांच्या हाती एवढंच काम उरलं होतं. उशीला टेकून बसायचं, कापूस पिंजायचा, वाती वळायच्या आणि डब्यात ओळीने रचून ठेवायच्या.

"सारं घर तू घेतलंस. ह्यो डबा तेवढा माजा," असं त्या मला म्हणायच्या. त्यात थट्टा किती आणि टोमणा किती, हे लग्नाला चार वर्षं होत आली तरी मला उमगलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. पनवेलच्या बाजारामागे दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. सासूबाई मूळच्या जवळच्या कोन गावच्या, शेतात राबलेल्या. त्यांच्या छातीतली गाठ काढून झाली होती, पण रोग हाडांत उतरला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी हे नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि सासूबाईंना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं की हाडांची झीज आहे. कॅन्सर हा शब्द घरात काढायचा नाही, असं ठरलं. चौकशीला आलेल्या शेजारणींना मी दारातच डोळे वटारून दम भरत असे.

मी मुळात भित्री. पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी. त्यात डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, आणि त्या अफूपासून बनतात असं कळल्यावर माझ्या पाचावर धारण बसली. रडकं पोर झोपावं म्हणून पूर्वी बाया अफूचा कण चाटवत आणि एखादं पोर मग उठतच नसे, असल्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. आता तीच अफू मी रोज माझ्या हाताने सासूला देणार! दुपारी त्यांचा डोळा लागला की मी चोरपावलांनी जाऊन त्यांच्या नाकापाशी बोट धरत असे. एकदा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "हाय का गेली?"

अशा वेळी एक सिस्टर आमच्याकडे येऊ लागल्या. मुंबईच्या इस्पितळात नर्स होत्या. कॅन्सरच्या पेशंटला घरी नेमका कशाकशाचा त्रास होतो, आणि त्याचं करणाऱ्या माणसाला काय जमतं, काय जमत नाही, याचा त्या अभ्यास करत होत्या. दर पंधरवड्याला एसटीने पनवेलला उतरून चालत घरी यायच्या. आधी सासूबाईंशी एकट्याने बोलायच्या, मग स्वयंपाकघरात माझ्याशी. भूक कशी आहे, शौचाला होते का, तोंड कोरडं पडतं का, दुखणं कोणत्या वेळी वाढतं. विचारता विचारता शिकवायच्याही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तोंड कसं पुसायचं, कुशीवर वळवताना गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची. सासूबाईंनी त्यांचं नाव जनगणनेवाली बाई असं ठेवलं होतं.

गोळ्यांचं सिस्टरनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. "ठरलेल्या वेळी द्यायच्या. दुखायची वाट बघायची नाही. सांगितल्याप्रमाणे दिल्यात तर घाबरायचं कारण नाही. पण चार-पाच एकदम पोटात गेल्या, तर श्वास मंदावेल आणि माणूस हाती लागणार नाही."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं माझ्या डोक्यात राहिलं.

सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या मी स्वतः द्यायची. दुपारी मी शाळेत, म्हणून दुपारची गोळी वाटीत झाकून ठेवून जायची. परत येऊन बघावं तर वाटी रिकामी. तरी संध्याकाळी सासूबाईंचं कण्हणं मला जिन्यातूनच ऐकू यायचं. सिस्टरही चक्रावल्या होत्या. "सकाळी बऱ्या असतात, मग दुपारनंतर एवढं का दुखतं?" त्या मला पुन्हा पुन्हा विचारायच्या. मी काय सांगणार? देव जाणे, म्हणायची.

भाद्रपद आला. शाळेला सुट्टी लागली, घरी गणपती बसले. एका संध्याकाळी समईला वात हवी होती आणि सासूबाईंना नुकताच डोळा लागला होता. म्हटलं कशाला उठवा, आणि मी तो डबा उघडला. वर वातींचा एक थर. खाली कापूस. आणि कापसात गोळ्या. पांढऱ्या, बारीक. मूठ भरून.

शेजारच्या खोलीत आरतीची तयारी चालली होती, कुणीतरी टाळ शोधत होतं, आणि मी त्या डब्यापुढे उकिडवी बसून राहिले. दुपारच्या वाट्या रिकाम्या का होत होत्या ते कळलं. आणि बाई गोळ्या कशासाठी साठवतेय, तेही कळलं असं मला वाटलं. त्यांना कुणीतरी तो शब्द सांगितला असणार. आता एखाद्या दिवशी त्या मूठ तोंडात टाकणार आणि आम्ही आरत्या म्हणत बसणार. मी डबा होता तसा लावला. नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. आईचं दुखणं निघालं की तो चपला घालून खाली जायचा.

सकाळी आईपाशी त्याला बसवून मी फुलं आणायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि एसटी स्टँडजवळच्या पीसीओवर गेले. काचेची ती खुराड्याएवढी खोली, बाहेर रांग, रांगेत आमच्याच आळीतले एक काका. इस्पितळात फोन लागला, सिस्टर आल्या, आणि मला बोलताच येईना. काका ऐकत होते. शेवटी भिंतीकडे तोंड करून मी म्हटलं, "त्यांनी गोळ्या साठवल्यात. सगळ्या."

सिस्टर म्हणाल्या, "एकटं सोडू नका. आणि चोरून काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या गोळ्या कुठे लपवतील ते आपल्याला कळणारही नाही. विचारा. जीव द्यायचं मनात आहे का, असं सरळ विचारा."

"असं कसं विचारू? नसलं मनात तर येईल!"

"विचारल्याने येत नाही. तुम्हाला जमलं नाही तर मी उद्या येते, माझ्यासमोर विचारा."

मला जमलं नाही. मी दिवसभर त्यांच्या उशाशी बसून राहिले, दुपारची गोळी हाताने भरवली आणि त्यांनी गिळेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले.

"सुट्टी हाय म्हून राखनीला बसलीस का? मी काय पिकलेलं शेत हाय?" सासूबाई करवादल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. सासूबाईंच्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी डबा आणून मध्ये ठेवला. माझं तोंड इतकं कोरडं पडलं होतं की सोड्याचं पाणी मलाच लागलं असतं. "आई, तुम्ही..." म्हटलं, आणि थांबले. मग एका दमात बोलून टाकलं, "तुम्हाला जीव द्यायचाय का?"

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. आणि भडकल्याच. "माज्या डब्याला हात लावलास तू?"

"लावला. सांगा."

"मराया गोळ्या कशाला लागतात गं? ते आपसूक चाललंय." त्यांनी डबा पोटाशी ओढला. "सणाला राखल्यात. अवंदा तुजा ओवसा नाय का?"

हे मला ठाऊक होतं, पण भीतीपायी पार विसरले होते. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा कुठल्याही वर्षी होत नाही. गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच. माझ्या लग्नानंतर त्या तशा आल्याच नव्हत्या, यंदा पहिल्यांदा येत होत्या. सुनेने पानाफळांनी भरलेली सुपं तेरड्याच्या गौरीपुढे ओवसायची, मग सूप सासूच्या हाती देऊन पाया पडायचं, आणि सासूने त्या सुपात काहीतरी घालायचं.

"सूप काय मी निजून घेऊ?" सासूबाई म्हणाल्या. "उभी ऱ्हानार. चार-पाच एकदम घेतल्या का सांजपर्यंत दुखाचं नाय. चांगले तांदूळ आमी सणालाच काढतो ना? तसं."

सिस्टरांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी सासूबाईंचा हात धरला. "आजी, ह्या गोळ्या तांदळासारख्या साठवता येत नाहीत. चार-पाच एकदम घेतल्यात तर सांजपर्यंत तुम्ही नसाल. सूप रिकाम्या पलंगापुढे ठेवावं लागेल."

म्हणजे मी भलत्याच कारणासाठी घाबरले होते, पण घाबरले ते बरोबर होतं. ही बाई मरायचं मनात नसताना, माझ्याच कौतुकापायी, माझ्या डोळ्यांदेखत मरणार होती.

ओवशाच्या दिवशी सूप घ्यायच्या आधी एक जादा गोळी चालेल का, हे सिस्टरनी डॉक्टरांना विचारून कळवायचं कबूल केलं. पण सासूबाई डबा सोडायला तयार होईनात. दुखणं कुणाला हाय, मला का तुमाला, म्हणाल्या. अखेर त्यांनी गणपतीसमोर शब्द दिला, की सिस्टरनी सांगितल्याशिवाय एकही गोळी घेणार नाही. आणि डबा गणपतीच्या पाटाशी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील. तेवढ्यावर सिस्टरना परतावं लागलं. जाताना जिन्यात त्या मला म्हणाल्या, "नजर ठेवा." जशी काही माझी नजर दुसरीकडे जाणार होती! गौरी येईपर्यंत मी गणपतीकडे पाहिलंच नाही, डब्याकडेच बघत राहिले. आरती करतानाही.

गौरी आल्या. पूजेच्या दिवशी दुपारी सासूबाईंना त्यांची नेहमीची गोळी दिली, आणि सिस्टरनी कळवल्याप्रमाणे वरची एक. वाट बघितली. मग नवऱ्याने त्यांना काखेत हात घालून उठवलं. त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. नवं लुगडं, कपाळावर घाम. मी गौरीपुढे सुपं ओवसली. एक सूप घेऊन त्यांच्यासमोर आले, तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की सुपातली पानं वाजत होती.

सूप घेऊन त्यांनी क्षणभर पोटाशी धरलं. मी पाया पडून उठले. "डबा दे," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दिलेला शब्द मोडतायत, असंच मला वाटलं. पण त्याने डबा आणून दिला तसा त्यांनी तो पानाफळांवर ठेवला आणि सूप माझ्या हातात परत दिलं.

"घे. कॅन्सरवाल्या बाईकडं द्याया दुसरं काय हाय?"

नवरा खाली बघत राहिला. आम्ही दोघांनी इतके महिने लपवलेला शब्द त्यांनी स्वतःच सुपात घातला होता.

"कवापासून ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुमी भिता म्हून गप ऱ्हायले. आता निजवा मला. आन् पुढची गोळी येळ झाली का तूच दे, तुज्या हातानं."

वेळ झाल्यावर मी ती दिली. माझा हात तेव्हाही कापतच होता, म्हणून त्यांनी तो खालून धरला.