तुम्हाला न्यायला कोण येणार?

आता हसणारच असाल, तर चहाचा कप आधी खाली ठेवा. अंबरनाथच्या कंपनीत तीस वर्षं लेथ चालवताना ज्याने केसाएवढी चूक केली नाही, तो माणूस बेवारस म्हणून कसा जमा झाला, ते सांगतोय!

माझी बायको सुमन दोन वर्षांपासून विसरायला लागलीय. आधी चष्मा, मग गॅस, मग घराचा रस्ता. मुलगी म्हणाली, "बाबा, उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात अशा आजी-आजोबांचं डे-केअर आहे. सकाळी सोडायचं, साडेपाचला आणायचं. आईचं मन रमेल आणि तुम्ही जरा झोप काढा. डोळे बघा तुमचे!"

तिथून गळ्यात घालायला एक कार्ड मिळालं. 'मला रस्ता आठवत नाही. कृपया या नंबरवर फोन करा.' खाली माझा नंबर. सुमन काही घालेना.

"आधी तुम्ही घाला, मग मी."

घातलं की मी! चाळीस वर्षं दुसरं काय केलंय? तेवढ्यात रिक्षा आली आणि कार्ड माझ्याच गळ्यात राहिलं.

तिला सोडलं. ती मागे वळूनही न बघता आत गेली. मला अख्खा दिवस मोकळा! पण खरं सांगू? रिकाम्या घराचं कुलूप उघडायची हिंमत होईना. मग त्याच गल्लीत फेऱ्या मारत राहिलो. खिडकीतून डोकावायचं, सुमनचा अंबाडा दिसला की पुढची फेरी.

सातव्या फेरीला डे-केअरमधल्या एका दीदीने माझा दंड धरला. सकाळी दाराशी दुसरीच बाई होती, त्यामुळे ही मला ओळखत नव्हती. तिने माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं.

"अरे काका, बाहर कैसे आ गए? चला, आत चला."

"अहो, मी पेशंट नाही! माझी बायको आत आहे!"

"हां हां, सबकी बीवी अंदर है. चला."

आत नेऊन तिने कार्डावरचा नंबर लावला, तर माझाच खिसा वाजायला लागला! गडबडीत मी फोन उचलला.

"हॅलो," माझ्यासमोर उभी राहून दीदी फोनमध्ये म्हणाली, "आपका एक आदमी हमारे पास है."

"माहितीय मला!" मी ओरडलो.

तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बेचारा! घरवालों का फोन भी उठा लाया."

शेवटी तिने मला सुमनसमोर उभं केलं. "दादी, हे तुमचे मिस्टर आहेत का? मिस्टरांचं नाव काय?"

सुमनने मान खाली घातली.

"देखा? नहीं पहचानती."

"अहो, ती नवऱ्याचं नाव घेत नाही! लग्नापासून नाही घेतलं. उखाणा घ्यायला सांगा!"

म्हणालो खरा, पण महिनाभर तिने मला एकदाही 'अहो' अशी हाक मारली नव्हती. मी तिला आठवतो की तेही गेलं, हे तिला विचारायची माझी छाती होत नव्हती.

सुमनने पदर सावरला. नव्या नवरीसारखी लाजली.

"चामटोलीच्या शिवारात पिकतो भात, जन्मभर सोडणार नाही वसंतरावांचा हात!"

चामटोली तिचं माहेर आणि वसंतराव म्हणजे मी! सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले.

"तो यही हैं ना वसंतराव?" दीदीने विचारलं. "मीच वसंतराव!" मी म्हणालो.

सुमनने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे? छे! आमचे हे केवढे ताठ, केस काळेभोर. हे आजोबा कोण, कुणास ठाऊक. पण उपाशी दिसतात, बसू द्या त्यांना."

बसलो. नाश्त्याला सिंधी दाल-पकवान होतं, डाळ आणि कुरकुरीत पुरी. तिने आपलं पकवान मोडून अर्धं मला दिलं आणि दिवसभर वसंतरावांचं कौतुक सांगितलं. म्हणे, कंपनी सुटली की रिकाम्या डब्यात गजरा लपवून आणायचे. गजरा आणणं मी कधी सोडलं, मलाच आठवेना. आता विसरभोळा कोण, तुम्हीच सांगा! त्या वसंतरावाचा मला असा हेवा वाटला म्हणता!

दुपारी मुलीचा फोन आला, तेव्हा कुठे दीदीची खात्री पटली. तरी मी जागचा उठलो नाही.

"आमचे हे येतील साडेपाचला," सुमन म्हणाली. "तुम्हाला न्यायला कोण येणार?"

मी घड्याळ बघितलं.

पाचला मी बाहेर पडलो. कार्ड काढून खिशात टाकलं, भांग पाडला, शर्ट खोचला, कोपऱ्यावरून गजरा घेतला. बरोब्बर साडेपाचला दारात हजर!

"अहो!" सुमन उठलीच. महिन्याभराने 'अहो'! गजरा मी स्वतः तिच्या अंबाड्यात माळला. म्हटलं, वसंता, जिंकलास तू!

तेवढ्यात तिने मला जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजली, "अहो, इथे एक आजोबा होते. बिचाऱ्यांना न्यायला कोणीच येत नाही. आणि डोकं इतकं फिरलंय त्यांचं, की स्वतःला तुमचं नाव लावतात!"